फाइलीतलं टिपण आणि पावतीवरची सही

बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला दोन तऱ्हेची पत्रं ठाऊक असतात. एक जावक क्रमांकाचं, 'आपल्या पत्रास अनुसरून' अशा कोरड्या भाषेतलं. दुसरं डी.ओ., म्हणजे अर्धशासकीय. ते साहेबांना नावानिशी लिहायचं आणि मनातली गोष्ट त्यात सांगायची. ही रीत इंग्रजांच्या दप्तरांतून आपल्याकडे आली. म्हणूनच निवृत्तीनंतर त्यांचे कागद वाचायला लागलो, तेव्हा आपल्याच हेड ऑफिसात शिरल्यासारखं वाटलं.

त्यांच्याकडेही दोन्ही प्रकार होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी सरकारी मिनिटं लिहीत आणि आपले मित्र सर जॉर्ज कूपर यांना खासगी पत्रंही लिहीत. आपले कागद मृत्यूनंतर पन्नास वर्षं प्रसिद्ध करू नयेत, अशी तजवीज त्यांनी करून ठेवली होती. ते १८६० मध्ये वारले आणि १९१० मध्ये ती पत्रं छापली गेली. सरकारी कागदांना एवढी सवड मिळाली नाही. सातारा प्रकरणातली टिपणं १८४९ मध्येच पार्लमेंटपुढे ठेवली गेली.

५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्याचे छत्रपती शहाजी, म्हणजे आप्पासाहेब महाराज, वारले. त्याआधी काही तास त्यांनी दत्तक घेतला होता. १८१९ च्या तहात 'वारस व उत्तराधिकारी' असे शब्द होते. दत्तक पुत्र हा वारस की नाही, एवढाच प्रश्न होता. हिंदू शास्त्राप्रमाणे तो वारसच ठरतो, असं मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लिहिलं. साताऱ्याचे रेसिडेंट बार्टल फ्रिअर यांचंही मत तेच होतं. कौन्सिलचे विलोबी यांनी याविरुद्ध लांबलचक टिपण लिहिलं. क्लार्क यांच्या जागी आलेले लॉर्ड फॉकलंड विलोबींच्या बाजूला झुकले. ३० ऑगस्टला डलहौसींनी आपलं मिनिट लिहिलं, पुढच्या जानेवारीत लंडनच्या डायरेक्टरांनी मान डोलावली आणि शिवछत्रपतींच्या वंशाचं साताऱ्याचं राज्य खालसा झालं.

खालसा झालेल्या त्या मुलखाचा कारभार पाहायला कमिशनर कोण नेमले? फ्रिअरच! त्यांनी तो चोख पाहिला. पुढे ते सिंधला गेले आणि १८६२ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. विहिरीवरच्या डिझेल इंजिनासाठी कर्ज घेतलेला शेतकरी वारला आणि हप्ते थकले. जप्तीचा हुकूम आला. एक हंगाम मुदत द्यावी, असं मी वर रीतसर कळवलं. शिवाय साहेबांना डी.ओ. लिहिलं. त्यात त्या घरची सगळी परिस्थिती मांडली. उत्तर दोन ओळींचं आलं. आठव्या दिवशी जीप घेऊन मीच त्या विहिरीवर उभा होतो.

बाई रडली नाही. इंजिन ट्रॉलीत चढल्यावर म्हणाली, "साहेब, पावती द्या." मी पावती लिहिली आणि खाली सही केली.

माझं ते डी.ओ. पत्र मला बरीच वर्षं आधार देत राहिलं. आपण लिहिलं होतं, आपलं कर्तव्य केलं होतं, असं मी स्वतःला सांगत असे. पण त्या बाईने ते पत्र कधी पाहिलं नाही. तिच्या हाती राहिली ती माझ्या सहीची पावती.

फ्रिअर यांचा विरोध प्रामाणिकच होता, यात मला शंका नाही. तो लिहायलाही धाडस लागतं. पण साताऱ्याच्या रयतेपुढे आले ते कमिशनरसाहेबांचे हुकूम. विरोधाचं टिपण फाइलीत राहिलं.

आज कुणी तरुण अधिकारी भेटला, तर त्याला मी सांगतो, विरोध असेल तर जरूर लिही. फक्त, लिहिलं म्हणजे सुटलो असं समजू नकोस. पावतीवर सही कुणाची आहे, तेही एकदा बघ.