आजार दुर्मिळ, मौन मात्र नेहमीचे

नांदेडच्या मोंढ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईत कुणाला हृदयविकाराचा झटका आला, तर सायंकाळपर्यंत साऱ्या समाजास कळते आणि मदतीला माणसे धावतात. बालकाला जन्मजात दुर्मिळ आजार निघाला, की मात्र घराची दारे आतून लागतात. थोरल्या मुलीचे स्थळ मोडेल, ही धास्ती सर्वांत मोठी.

गौचर या आजाराचे उदाहरण घ्यावे. शरीरातील एका स्निग्ध पदार्थाचे विघटन करणारे एन्झाइम पुरेसे तयार होत नाही; तो पदार्थ प्लीहा, यकृत व अस्थिमज्जेत साठत जातो. मूल फिकट दिसते, पोट फुगते, हाडे दुखतात. रक्त कमी आहे म्हणून लोहाची औषधे चालू राहतात आणि वर्षे निघून जातात. वास्तविक रक्तातील एन्झाइमच्या तपासणीने निदान होते. उपचारही आहे: कमी पडणारे एन्झाइम साधारणतः दर पंधरा दिवसांनी शिरेतून द्यावयाचे, तेही जन्मभर. मात्रा वजनावर ठरते. इतर घरांत मुलाचे वजन वाढले की आई सुखावते; येथे प्रत्येक किलोगणिक औषधाचा खर्च वाढतो.

दुर्मिळ आजारांसाठीचे राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये जाहीर झाले. २०२२ पासून, नियुक्त उत्कृष्टता केंद्रात उपचार घेणाऱ्या पात्र रुग्णास ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय असे एक केंद्र आहे. मराठवाड्यातून रेल्वेने एका रात्रीचा प्रवास. आजन्म उपचारांपुढे ही रक्कम अपुरी पडते, हे खरे. पण आजार लपविणाऱ्याला तीही मिळत नाही.

सर्वाधिक अन्याय मातेवर होतो. वस्तुतः हा दोष आई-वडील दोघांकडून येतो. दोघेही निरोगी दिसणारे वाहक असतात आणि प्रत्येक गर्भधारणेत बाधित अपत्याची शक्यता चारांत एक असते. पूर्वकर्माचा दाखला देऊन सुनेला बोल लावणाऱ्यांनी एवढे तरी आठवावे, की आपल्या कर्मसिद्धान्तात प्रत्येक जीव स्वतःचेच कर्म भोगतो.

मोजक्या घराण्यांत सोयरिकी होत राहिल्या, की दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. गर्भातच दोष आढळला, तर पुढचा निर्णय अहिंसा मानणाऱ्या कुटुंबास फार जड जातो. म्हणून ज्या घराण्यात असे मूल आहे, तेथील विवाहेच्छूंनी आधीच वाहक-तपासणी करून घेणे इष्ट. वर-वधूंपैकी एकच वाहक असेल, तर सहसा अपत्यास हा आजार होत नाही. म्हणजे ज्या भीतीपोटी घर गप्प बसते, ती बहुतेक वेळा एका तपासणीने दूर होण्यासारखी असते. पत्रिकेतील गुण बारकाईने मोजणाऱ्यांना ही तपासणी अशुभ वाटावी, हे नवलच.

साधर्मिक भक्ती म्हणून एकदा धनादेश देणे सोपे आहे. या कुटुंबांना मात्र दर पंधरवड्याला आधार हवा असतो: उपचाराच्या दिवशी दुकान सांभाळणारा कुणी, धाकट्याला शाळेतून आणणारी शेजारीण, आणि मुंबईत दोन रात्री हक्काने उतरता येईल असे एखादे घर.