घंटा वाजते, पण सांगते काय?

जोतिबाच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला लाखो माणसे जमतात. गुलाल, हलगी आणि 'चांगभलं'चा गजर यांत शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. तरीही हरवलेल्या मुलाचे नाव कर्ण्यावरून पुकारले की त्याची आई जागच्या जागी थबकते. नुसत्या घंटेने हे काम झाले नसते.

इमारतीतल्या आगीचेही तसेच आहे. भोंगा वाजला की कोणीतरी चुकून बटण दाबले असेल, असे म्हणून आपण बसून राहतो. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या भुयारी रेल्वे स्थानकात संशोधकांनी हे पडताळून पाहिले होते. घंटा वाजली तेव्हा प्रवासी बराच वेळ घुटमळत राहिले. कोणत्या वाटेने निघायचे ते कर्ण्यावरून सांगितले, तेव्हा स्थानक लवकर रिकामे झाले.

13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 59 जणांचा जीव गेला. धूर बाल्कनीत शिरत असताना प्रेक्षकांना कोणतीही सूचना दिली गेली नाही, हे पुढे खटल्यात समोर आले. आपल्या कोल्हापुरात 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. त्या वेळी आत प्रेक्षक नव्हते, ही अल्लाहची मेहरबानी.

मोठ्या इमारतींत आता आगीच्या अलार्मलाच बोलणारी यंत्रणा जोडतात. धुराची खबर लागताच रेकॉर्ड केलेला संदेश सुरू होतो. उंच इमारतीत सहसा आग लागलेल्या आणि त्याच्या लगतच्या मजल्यांना आधी उतरवतात, बाकीच्यांना तयार राहायला सांगतात. नाहीतर जिन्यातच चेंगराचेंगरी व्हायची. वीज गेली तर बॅटरी असते आणि स्पीकरची तार तुटली तर पॅनेलवर लगेच कळते. मशिदीच्या किंवा शादीखान्याच्या साध्या ॲम्प्लिफायरला हे जमत नाही. वायरमनने 'तेच ते' म्हटले तरी ऐकू नका.

2016 च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार हा संदेश हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत हवा. आम्ही पाहिलेल्या कित्येक ठिकाणी मात्र तो फक्त इंग्रजीत. दवाखान्यात पोत्याला घेऊन आलेल्या दादीने त्यातून काय समजावे?

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे अग्निसुरक्षेची साधने चालू असल्याचा दाखला परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत घ्यावा लागतो. सोसायटीच्या बैठकीत तो मागा आणि संदेशही एकदा वाजवून दाखवायला सांगा.

जिथे एवढी यंत्रणा परवडत नाही, तिथे निदान बॅटरीवर चालणारा माईक ठेवावा. जुम्म्याच्या गर्दीत तो कोणी हाती घ्यायचा आणि कोणत्या दाराचे नाव घ्यायचे, हे मशीद कमिटीने आधीच ठरवावे. मदरशाच्या वसतिगृहात बिहारकडची मुले असतील, तर मराठीबरोबर उर्दूतही सांगावे.