सरकारी मालकीचा बिअर कारखाना व त्यामागील शेतमाल

मद्यपानाचा पुरस्कार करणे हे या लेखाचे प्रयोजन नव्हे, हे आरंभीच नमूद करणे इष्ट होय. परंतु शेतमालापासून तयार होणाऱ्या वस्तूस गावाचे नाव लाभले म्हणजे त्या नावास केवढे मोल येते, आणि ते नाव कोणी सांभाळावयाचे, हा प्रश्न शेतकऱ्याच्या हिताचा आहे. युरोपातील चेक प्रजासत्ताकाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

त्या देशाच्या दक्षिण भागात चेस्के बुद्येयोव्हित्से नावाचे नगर १२६५ साली वसविण्यात आले. जर्मन भाषेत त्यास बुद्वाइस म्हणतात, व तेथील वस्तू ती ‘बुद्वाइसर’. येथे १८९५ साली चेक नागरिकांनी भागभांडवल उभारून बिअरचा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९६७ साली ‘बुद्वार’ या नावाने तो राष्ट्रीय उद्योग म्हणून स्थापन करण्यात आला. आजही तो सरकारच्याच मालकीचा आहे, आणि विशेष म्हणजे तो कृषी मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो.

१९८९ साली त्या देशातील राजवट बदलल्यानंतर बहुतेक कारखाने विकण्यात आले. चेक माणूस दरसाल सरासरी सुमारे १३० लिटर बिअर पितो. दरडोई खपात हा देश कित्येक वर्षे जगात पहिला आहे. (हा विक्रम अभिमानाने सांगावा की चिंतेने, हे वाचकांनीच ठरवावे.) एवढी मोठी बाजारपेठ परक्यांच्या नजरेतून कशी सुटावी? पिल्झेनचा १८४२ पासून प्रसिद्ध असलेला कारखाना २०१७ पासून जपानच्या आसाही कंपनीकडे आहे, तर प्राग येथील स्तारोप्रामेन अमेरिका-कॅनडातील मोल्सन कूर्स कंपनीकडे. बुद्वार मात्र सरकारने विकला नाही.

यामागे नावाचा तंटा आहे. अमेरिकेत १८७६ पासून ‘बुद्वाइसर’ याच नावाची बिअर निघत होती; तिचे अमेरिकन उच्चारण ‘बडवायझर’. म्हणजे नगर युरोपात आणि नावाची नोंद अमेरिकेत! शंभराहून अधिक वर्षे उभय पक्षांत देशोदेशी खटले चालले. अमेरिकेत चेक कारखान्यास आपला माल ‘चेकव्हार’ या नावाने विकावा लागला. जर्मनीत नाव त्याच्याकडे राहिले. ब्रिटनमध्ये दोघांनाही ते वापरण्याची मुभा मिळाली. अशा स्थितीत कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला असता, तर इमारती व यंत्रे त्याच जागी राहिली असती, पण नावावरचा नगराचा हक्क गेला असता. आमच्या मते सरकारचा निर्णय शहाणपणाचा होता. २००४ साली चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात सामील झाले, तेव्हा बुद्येयोव्हित्सेच्या बिअरच्या नावास भौगोलिक संरक्षण मिळविण्यात आले. आपल्याकडे १९९९ च्या कायद्यान्वये नाशिकच्या द्राक्षांची व कोल्हापूरच्या गुळाची नोंद झाली, ती याच तत्त्वावर.

आता मुख्य विषय जो शेतमाल, त्याकडे वळू. बिअरला मुख्यतः सातू (बार्ली), हॉप, किण्व व पाणी लागते. पाणी कारखाना स्वतःच्या सुमारे ३०० मीटर खोल विहिरींतून घेतो. सातू मोराव्हिया प्रांतातून येतो. त्यास भिजवून मोड आणतात व भट्टीत वाळवितात. आपल्या घरी नाचणीस मोड आणून सत्त्व करतात, तशीच ही क्रिया समजावी. तयार मालास माल्ट म्हणतात. या सातूत प्रथिने सुमारे १० ते ११.५ टक्के असावी लागतात. नत्रखत बेसुमार किंवा उशिरा दिल्यास प्रथिने वाढतात आणि तो सातू माल्टला नापसंत होऊन जनावरांच्या खाद्याच्या भावाने जातो. अधिक खत म्हणजे अधिक पैसा, हा समज येथे पुरता खोटा ठरतो.

हॉप हे वेलवर्गीय पीक. झातेत्स परिसरातील हॉप सुगंधासाठी नावाजलेला आहे. सुमारे सात मीटर उंचीच्या खांबांवर तारा ताणून त्यांवर वेल चढवितात. दाणे धरल्यास प्रत बिघडते, म्हणून नर झाडे शेतात राहू देत नाहीत; लागवड मादी वेलांच्या मुळ्यांपासून करण्यात येते. ऑगस्टअखेर फुलोऱ्याचे शंकू पिवळ्या, सुगंधी भुकटीने भरले म्हणजे अख्खे वेल कापून यंत्रावर नेतात व शंकू विलंब न लावता भट्टीत वाळवितात. थोडी दिरंगाई झाली तरी वास जातो. मालाच्या बांधणीवर उगमस्थानाची दाखला-खूण असते. २००७ साली या हॉपच्या नावास संरक्षण मिळाले, तर २०२३ साली झातेत्स व तेथील हॉपचा भूप्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट झाला.

तथापि पावसावर कायद्याचा अंमल चालत नाही. २०१५ व २०२२ या कोरड्या वर्षांत तेथील हॉपचे उत्पन्न बरेच घटले. नुसता पाऊसच कमी पडला असे नव्हे, तर उष्णतेने शंकूंतील कडवट द्रव्यही उणे होते, आणि कारखान्यास हवे असते ते नेमके हेच. त्यामुळे तेथील बागाईतदार ठिबक सिंचनाकडे व उष्णता सोसणाऱ्या नव्या वाणांकडे वळत आहेत. परंतु नवा वाण घेतला म्हणजे जुन्या नावाचा सुगंध राहील की नाही, ही शंका त्यांच्यापुढे आहेच.