संक्रांतीची तारीख आणि मुलांचा इतिहास

ठाणे पूर्वेच्या कोपरीत जुन्या कोळी वस्तीशेजारी फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे स्थायिक झाली, त्यामुळे १३ जानेवारीच्या संध्याकाळी शेकोटी पेटवून साजरी होणारी लाल लोई आणि लगोलग येणारी मकरसंक्रांत हे दोन्ही सण तेथील मुलांच्या परिचयाचे असतात. हे सण याच दिवसांत का, असे मुलांनी विचारले, तर सूर्य मकर राशीत शिरतो आणि उत्तरायण सुरू होते, असे ठरलेले उत्तर मिळते. त्यातला दुसरा भाग आज खरा नाही.

सूर्याचा उगम उत्तरेकडे सरकू लागतो, म्हणजेच उत्तरायण लागते, ते २१ किंवा २२ डिसेंबरला. रूढ पंचांग राशी स्थिर ताऱ्यांवरून मोजते आणि या पद्धतीला निरयन म्हणतात. पृथ्वीचा अक्ष मात्र भोवऱ्यासारखा अतिशय मंद गतीने डोलत असल्यामुळे ऋतू आणि तारे यांच्यात सुमारे ७२ वर्षांत एक अंशाचा फरक पडतो. सुमारे १,७०० वर्षांपूर्वी उत्तरायण आणि संक्रांत एकाच वेळी येत असत. आज त्यांच्यात २४ दिवसांचे अंतर आहे. पेशाने शिक्षक असलेले आणि १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ प्रसिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह ऋतूंशी जुळणाऱ्या सायन पंचांगाचा आग्रह धरला होता, परंतु समाजाने रूढ गणनाच कायम ठेवली.

हा हिशोब वरच्या वर्गातील मुलांकडून अवश्य करून घ्यावा, कारण त्यातून इतिहास तपासण्याची सवय लागते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ साली संक्रांतीच्या दिवशी झाला, ती तारीख १२ जानेवारी होती. मग १४ जानेवारी १७६१ रोजी झालेले पानिपतचे युद्ध संक्रांतीलाच झाले, ही सर्वत्र रुळलेली समजूत टिकत नाही, कारण त्या वर्षीची संक्रांत सुमारे चार दिवस आधीच होऊन गेली होती. लहान मुलांना एवढे गणित नको. बोरन्हाणात, म्हणजे लहानग्याच्या डोक्यावरून ओतल्या जाणाऱ्या खाऊत, बोरे, हरभरे आणि उसाचे करवे का असतात, हे त्या हंगामाच्या शेताकडे बोट दाखवून सांगता येते.

नाताळच्या बाबतीत, येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये नाही आणि २५ डिसेंबरचा सण चौथ्या शतकातील रोममध्ये प्रथम नोंदलेला आढळतो, एवढे सांगितले तरी पुरे. त्याहून विचारप्रवर्तक उदाहरण रुळांपलीकडच्या ठाण्यातच आहे. तेथे १८७९ साली बांधलेले सिनेगॉग बेने इस्रायल समाजाचे आहे. इसवी सनापूर्वी १६४ मध्ये जेरुसलेमचे मंदिर पुन्हा शुद्ध केल्याच्या स्मरणार्थ दिवे लावण्याचा हनुका हा ज्यूंचा हिवाळी सण या समाजाच्या जुन्या कोकणी परंपरेत नव्हता. बाहेरच्या ज्यूंशी संबंध वाढल्यावर तो आला. पूर्वज त्या घटनेपूर्वीच मायदेशातून निघाले असावेत, असे यावरून मानले जाते. मात्र एखादा सण पूर्वी ठाऊक असून काळाच्या ओघात विसरला जाणेही शक्य असते, आणि यातले कोणते अनुमान अधिक बळकट, यावर मुलांना वर्गात मनसोक्त वाद घालू द्यावा.