हरळीची मुळी

आमच्या अ‍ॅशबर्नमध्ये लाउडन काउंटी पार्कवेच्या बाजूने खिडक्या नसलेल्या करड्या इमारतींच्या रांगा आहेत. ही सगळी डेटा सेंटर्स. व्हर्जिनियाच्या या कोपऱ्यात त्यांची जेवढी दाटी आहे, तेवढी जगात दुसरीकडे नाही. इंटरनेटच्या अशा माहेरघरी, साताऱ्याहून आलेले माझे सासरे एका संध्याकाळी म्हणाले, "अगं, माझं गुगल कुणीतरी पळवलंय."

शब्द अचूक होता. बाबा शोधायला काही टाकत, पत्त्याच्या पट्टीत क्षणभर एक अनोळखी नाव चमके आणि मग जाहिरातींनी भरलेलं वेगळंच पान उघडे. कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस' अशी भीती घालणारी सूचना. तो संदेश संगणकाचा नव्हता. कुठल्याशा साइटच्या सूचनांना 'अलाऊ' म्हटल्यामुळे ती साइटच तो पाठवत होती. अशा प्रत्येक वळवलेल्या शोधामागे कुणाला तरी जाहिरातीचे पैसे मिळतात. धंदा तोच.

"मी तीनदा परत गुगल लावलं," बाबा म्हणाले. "बंद करून उघडलं की पुन्हा तेच."

एक्स्टेंशनच्या यादीत चोर दिसत होता, पण त्याला काढायचं बटण चालेना. क्रोमच्या मेनूत तळाशी ओळ होती: हा ब्राउझर तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहे. बाबांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. संस्था कुठली? कार्यालयातले संगणक सांभाळणारे जे नियम विंडोजच्या रजिस्ट्रीत लिहितात, तेच नियम या उपऱ्याने लिहून ठेवले होते. (कधी अँटिव्हायरसही असा नियम घालतो, म्हणून क्रोमच्या पॉलिसी पानावर आधी नाव बघावं.)

"ही हरळी आहे," बाबा म्हणाले. "वरून कापून काय उपयोग? मुळी खणायला हवी."

मग खणलं. आधी क्रोमचं सिंक बंद केलं, नाहीतर काढलेलं एक्स्टेंशन गुगल खात्यातून परत येतं. बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी तारखेप्रमाणे लावली. पेन्शनचे कागद एकत्र करायला बाबांनी फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर घेतला होता. त्याच दिवशीची आणखी दोन अनोळखी नावं सापडली. तिन्ही काढली. टास्क शेड्यूलरमध्ये दर लॉगइनला जागं होणारं एक काम होतं. हीच मुळी. तेही पुसलं. क्रोममधलं सफाईचं साधन गुगलने २०२३ मध्येच काढून टाकलंय, म्हणून विंडोजमधल्या डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन लावलं. संगणक बंद होऊन चालू होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात चहा झाला. मग रजिस्ट्रीची प्रत ठेवून क्रोमचे खोटे नियम पुसले. आता एक्स्टेंशन एका क्लिकमध्ये गेलं. शेवटी क्रोम रीसेट केलं; त्यात बुकमार्क आणि पासवर्ड जात नाहीत. सूचनांची परवानगी काढली आणि बँक व ईमेलचे पासवर्ड फोनवरून बदलले. 'सर्व साइटवरचा डेटा वाचणे व बदलणे' ही परवानगी त्या एक्स्टेंशनकडे होती. त्याने काय काय वाचलं, कोण सांगणार?

बाबा ओशाळले होते. पण फसणारे ते एकटे नाहीत. २०१७ मध्ये 'फायरबॉल' नावाचा असाच ब्राउझरचोर फुकटच्या सॉफ्टवेअरला चिकटून पसरला. चेक पॉइंट कंपनीने २५ कोटी संगणकांचा अंदाज दिला. मायक्रोसॉफ्टला तो फुगवलेला वाटला, पण चोराचा रस्ता कुणी नाकारला नाही: डोळे मिटून दाबलेलं 'नेक्स्ट'.

म्हणून सॉफ्टवेअर ते बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरूनच घ्यावं, बसवताना 'कस्टम' निवडून आगंतुकांच्या खुणा काढाव्यात आणि साइटच्या सूचनांना 'अलाऊ' शक्यतो म्हणूच नये. आणि आज वेळ काढून आपल्या ब्राउझरची एक्स्टेंशनची यादी उघडा. ज्याचं काम तुम्हाला सांगता येत नाही, ते काढून टाका.