मंद्र स्वरांची पेटी

रायपूर शहरात गणेशविसर्जनाच्या झांक्या निघतात त्या रात्री महादेव घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर एक अनुभव सर्वांनाच येतो. मिरवणूक अद्याप दूर असते, गाण्याचे शब्द कळत नाहीत, सनईचा किंवा तुतारीचा स्वरही ओळखू येत नाही. परंतु घराच्या खिडक्यांची तावदाने थरथरू लागतात आणि छातीत एक ठोका जाणवतो. उंच स्वर वाटेतच विरून जातात. मंद्र स्वर मात्र भिंती ओलांडून घरात शिरतात. मोटारीच्या डिकीत मंद्र स्वरांसाठी ध्वनिवर्धकाची पेटी बसविणाऱ्याने या एका निरीक्षणापासूनच आरंभ करावयास हवा. पेटी कशी बांधावी आणि ती कोठवर वाजवावी या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात दडलेली आहेत.

मनुष्याच्या कानाला साधारणपणे सेकंदाला 20 पासून 20,000 पर्यंत कंपनांचा ध्वनी ऐकू येतो. यांपैकी 20 ते 80 कंपनांचा तळचा पट्टा वाजविण्यासाठी जो मोठा ध्वनिवर्धक वापरतात त्यास ‘सबवूफर’ म्हणतात. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानानुसार बदलतो. 35 अंश सेल्सिअसला, म्हणजे रायपूरच्या एखाद्या सामान्य दुपारी, तो सेकंदास सुमारे 352 मीटर असतो. त्यामुळे 40 कंपनांच्या स्वराची तरंगलांबी जवळजवळ 9 मीटर भरते. म्हणजे ती संपूर्ण मोटारीच्या लांबीहून दुपटीएवढी होते. शिवाय कंपनसंख्या निम्मी झाली की तेवढाच आवाज काढण्यासाठी ध्वनिवर्धकाच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे हलावे लागते. मंद्र स्वरांना मोठा पडदा आणि भरपूर वीज का लागते, हे यावरून ध्यानात येईल.

पण पेटी कशासाठी? ध्वनिवर्धकाचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. ध्वनिवर्धक उघडाच ठेवला तर मागची विरळ हवा आणि पुढची दाट हवा कडेने एकमेकींस मिळतात आणि स्वर जन्मताच नाहीसा होतो. तरंगलांबी जितकी मोठी तितकी ही हानी अधिक. मागचा ध्वनी पुढच्या ध्वनीपासून वेगळा ठेवणे हे पेटीचे पहिले कार्य होय. आज परिचित असलेला फिरत्या वेटोळ्याचा ध्वनिवर्धक राइस आणि केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी 1925 साली सिद्ध केला. पण त्याच्या पाठीमागील हवेचे काय करावे, हा प्रश्न त्यानंतरही अनेक वर्षे अभियंत्यांना छळत राहिला.

त्याची दोन उत्तरे प्रचारात आली. पहिल्यात पेटीला मुद्दाम एक नळी ठेवतात. अरुंद तोंडाच्या सुरईवर फुंकर घातली असता जसा एकच घुमणारा स्वर निघतो, तशी ही नळी एका ठराविक स्वरावर घुमते आणि पडद्याला साहाय्य करते. दुसऱ्यात पेटी पूर्णपणे बंद असते आणि आत कोंडलेली हवाच स्प्रिंगचे काम करते. 1954 च्या सुमारास एडगर व्हिल्चर यांनी अमेरिकेत या तत्त्वावरील छोट्या पेट्या लोकप्रिय केल्या. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 साली आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी 1970 नंतरच्या वर्षांत पेटीचे गणित पक्के केले. आज कोणत्याही चांगल्या ध्वनिवर्धकासोबत जो आकड्यांचा तक्ता मिळतो, तो या दोघांच्याच नावाने ओळखला जातो.

त्या तक्त्यातील तीन आकडे महत्त्वाचे असतात: ध्वनिवर्धकाची स्वाभाविक कंपनसंख्या, त्याच्या कंपनांवरील एकूण नियंत्रण दर्शविणारा गुणांक, आणि त्याच्या लवचीकपणाशी बरोबरी करणाऱ्या हवेचे घनफळ. समजा, हे आकडे अनुक्रमे 30, 0.45 आणि 60 लिटर आहेत व पेटी 40 लिटरची करावयाची आहे. 60 ला 40 ने भागून त्यात 1 मिळविला की 2.5 येतात, त्याचे वर्गमूळ सुमारे 1.58. या संख्येने पहिल्या दोन आकड्यांना गुणले असता बंद पेटीतील कंपनसंख्या सुमारे 47 आणि गुणांक 0.71 येतो. गुणांक 0.7 च्या आसपास असला की स्वर सपाट व स्वच्छ राहतो. पेटी फार लहान केली तर गुणांक वाढतो आणि प्रत्येक ठोक्यामागे एक नकोसा घुमारा रेंगाळतो.

मोटारीसाठी बहुधा बंद पेटी श्रेयस्कर ठरते, आणि त्यास सबळ कारण आहे. बंद पेटीचा आवाज तिच्या कंपनसंख्येच्या खाली प्रत्येक सप्तकास 12 डेसिबेलने उतरत जातो. परंतु मोटारीची बैठक ही लहानशी बंद खोली असते. तिच्या लांबीपेक्षा अर्धी तरंगलांबी मोठी झाली की आतील सर्व हवा एकदम दाबली व सोडली जाते आणि मंद्र स्वर आपोआप चढू लागतात. पावणेतीन मीटर लांबीच्या बैठकीत हा चढ सुमारे 64 कंपनांच्या खाली सुरू होतो. पेटीचा उतार आणि मोटारीचा चढ अशा रीतीने एकमेकांस बऱ्याच अंशी भरून काढतात. नळीच्या पेटीचा उतार याहून तीव्र असतो. शिवाय नळीच्या स्वराखाली पडद्यामागचा हवेचा आधारच नाहीसा होऊन तो फाटण्याचे भय असते.

बांधणीत बहुतेकांची पहिली चूक मोजमापाची होते. 46, 38 आणि 34 सेंटिमीटर अशा बाहेरील मापांवरून घनफळ 59 लिटर दिसते. पण 18 मिलिमीटरच्या फळ्यांची जाडी दोन्ही बाजूंनी वजा केली की आत केवळ 44 लिटर उरतात. ध्वनिवर्धकाचा मागील भाग आणि आतील आडव्या पट्ट्या यांनी व्यापलेली जागा वजा जाता 40 लिटर शिल्लक राहतात. सांधे सरसाने जोडून स्क्रूंनी घट्ट आवळावेत आणि आतून सिलिकॉनची वात ओढावी, कारण बारीकशा फटीतूनही शिट्टी ऐकू येते. रायपूरच्या पावसाळ्यात दमट हवेने दाबीव भुशाची फळी कडांपाशी फुगते. म्हणून पाण्यास टिकणारे प्लायवूड घ्यावे, किंवा साध्या फळीच्या उघड्या कडा रंगाने पूर्ण बंद कराव्यात.

तयार पेटी ध्वनिवर्धकासह पंधरा-वीस किलो भरते. मोटार धडकली असता तिचा भार या वजनाच्या कित्येक पट होतो आणि मोकळी ठेवलेली पेटी मागील आसनावर बसलेल्या मुलांवर येऊन आदळते. म्हणून ती लोखंडी पट्ट्यांनी व बोल्टांनी गाडीच्या अंगाशी आवळावी. छिद्र पाडण्यापूर्वी मात्र गाडीखाली वाकून पाहावे. डिकीच्या तळाखाली इंधनाची टाकी, नळ्या किंवा विजेच्या तारा असू शकतात. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर हा खटाटोप न करणेच शहाणपणाचे. जादा चाक काढता येईल इतकी वाट ठेवावी. क्रमांकाची पाटी आणि डिकीतील हत्यारे यांच्याखाली रबराचे तुकडे बसवावेत. नाहीतर संगीताऐवजी पत्र्याचा खडखडाटच ऐकू येईल.

विजेच्या कामात हलगर्जीपणा झाला तर गाडी पेट घेते. 500 वॅटचा विस्तारक 80 टक्के कार्यक्षमतेने चालत असला तरी पूर्ण आवाजात तो बॅटरीतून सुमारे 45 अँपिअर प्रवाह ओढतो. पाच मीटर लांबीची 4 चौरस मिलिमीटरची तार वापरली तर तारेतच जवळजवळ 44 वॅट उष्णता निर्माण होते, आणि ही तार गालिचाखालून, रबर व फोम यांच्यामधून गेलेली असते. वैशाखात रायपूरचा पारा 44 अंशांपलीकडे जातो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तो आणखी पुष्कळ चढतो. अशा वेळी तारेचे आवरण मऊ पडते. म्हणून 20 चौरस मिलिमीटरच्या आसपासची तांब्याची तार घ्यावी, ती पत्र्यातून जाते तेथे रबरी कडे बसवावे, आणि बॅटरीपासून वीतभर-दोन वीत अंतरावरच योग्य फ्यूज लावावा. फ्यूज विस्तारकाजवळ बसविला तर मधली संपूर्ण तार असंरक्षित राहते. विस्तारकाची जमीनतार रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावरच आवळावी.

जोडणी झाल्यावर विस्तारकावर 80 कंपनांची वरची मर्यादा ठेवावी, म्हणजे मोठा पडदा गायकाच्या आवाजात ढवळाढवळ करणार नाही. नंतर पुढील ध्वनिवर्धकांच्या आवाजाशी मिळेल इतकाच मंद्र स्वर हळूहळू वाढवावा. डग्ग्याची घुमक समोरून येते असे वाटले की पेटी बरोबर बसली. ती मागून येते असे जाणवले तर आवाज अधिक आहे किंवा तारा उलट जोडल्या आहेत, असे समजावे.

आता प्रश्न उरतो तो गाडीबाहेरच्या माणसांचा. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबेलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो; त्यापुढे प्रत्येक 3 डेसिबेलला ही मुदत निम्मी होते, आणि 100 डेसिबेलला ती केवळ पंधरा मिनिटे उरते. हा इशारा चालकासाठी आहे. शेजाऱ्यासाठी भारतात 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. त्यांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबेलची मर्यादा आहे, रुग्णालयांच्या सभोवती 100 मीटरपर्यंत शांतताक्षेत्र ठरविता येते, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनिवर्धकावर बंधन असते. वाहनांवर ध्वनिपेट्या चढवून वाजविण्याविरुद्ध छत्तीसगढ उच्च न्यायालयाने 2016 साली कठोर आदेश दिले.

परंतु केवळ आकड्यांवर विसंबणे येथे फसवे ठरते. हे डेसिबेल ज्या मापकाने मोजतात तो मानवी कानाचे अनुकरण करतो आणि तळच्या स्वरांना फार कमी लेखतो. 40 कंपनांच्या स्वरातून तो सुमारे 35 डेसिबेल वजा करतो. म्हणजे प्रत्यक्षात 80 डेसिबेलचा मंद्र स्वर त्या मापकावर केवळ 45 दाखवील. याउलट भिंतीची आवाज अडविण्याची शक्ती कंपनसंख्या निम्मी होताच साधारणपणे 6 डेसिबेलने घटते. जो स्वर मापकास जवळजवळ दिसत नाही, तोच भिंत ओलांडून आजाऱ्याच्या खाटेपर्यंत पोहोचतो. तात्यापाऱ्याच्या जुन्या वस्तीतील भिंतीस भिंत लागलेल्या घरांना आणि टाटीबंधच्या एम्ससमोरून जाणाऱ्या जीई रोडवरील रहदारीला हे सारखेच लागू आहे.

म्हणून पेटी बांधून झाल्यावर आणखी एक परीक्षा घ्यावी लागते, आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही. गाडीची दारे व काचा बंद कराव्यात, नेहमीच्या आवाजात गाणे लावावे आणि बाहेर पडून पंचवीस पावले चालत जावे. शक्य असेल तर शेजारच्या घरात जाऊन दार लावून घ्यावे. तेथे ठोका ऐकू येत असेल तर आवाज कमी करावा. गाडीत बसलेल्यांना डग्गा स्पष्ट ऐकू यावा आणि भिंतीपलीकडे झोपलेल्याची झोप मोडू नये, इतकेच पेटी बांधणाऱ्याने साधावयाचे असते.