पाच पैशांचे तिकीट आणि त्यावरचा ठसा

मी शाळेत असतानाची गोष्ट. नारायण पेठेतल्या आमच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक होती. तिच्यात वडिलांना आलेली जुनी पत्रे होती. एका मे महिन्याच्या सुट्टीत मी त्या पाकिटांवरची तिकिटे कापून घेतली आणि परातीत पाण्यात भिजत घातली. त्यांत पाच पैशांची काही लालसर तिकिटे होती. त्यांवर जांभळ्या शाईत ‘रिफ्यूजी रिलीफ’ असे वेडेवाकडे उमटलेले होते. तासाभराने पाहतो तर परातीतले पाणी जांभळट आणि तिकिटांवरची अक्षरे जवळजवळ पुसलेली! पाकिटे तर तोवर बंबात गेली होती. ‘बरे झाले, डाग गेला,’ असेच तेव्हा वाटले. तो डाग नव्हता, हे कळायला बरीच वर्षे जावी लागली.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या मदतीसाठी सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा जादा आकार बसवला. पोस्टकार्डे आणि वर्तमानपत्रे त्यातून वगळली होती. साध्या पाकिटाला तेव्हा वीस पैसे पडत. त्यावर हे पाच पैशांचे वेगळे तिकीट लावायचे. पण या कामासाठी खास तिकीट निघाले ते १ डिसेंबरला. मग मधल्या पंधरा-सोळा दिवसांत काय करायचे? तर कुटुंबनियोजनाचा प्रचार करणारे पाच पैशांचे जे तिकीट चलनात होते, त्यावरच ‘रिफ्यूजी रिलीफ’ ही अक्षरे वरून छापायची! यालाच तिकिटांच्या भाषेत ओव्हरप्रिंट म्हणतात, आणि अशा वेळ निभावून नेणाऱ्या तिकिटाला तात्पुरते तिकीट.

आता एवढ्या मोठ्या देशात ही छापील तिकिटे वेळेवर सगळीकडे कशी पोचणार? म्हणून पोस्टमास्तरांना आपापल्या ठिकाणी शिक्के मारून घ्यायची मुभा दिली गेली. त्यामुळे या तिकिटाचे दोन मोठे गट पडले. एक छापखान्यात छापलेल्यांचा. त्यात बेंगळुरूचा ठसा वेगळा, जयपूरचा वेगळा. दुसरा गट गावोगावच्या शिक्क्यांचा. त्याचे प्रकार इतके, की मोठमोठे कॅटलॉगही छापखान्यातले प्रकार नोंदवतात आणि रबरी शिक्क्यांना लांबूनच नमस्कार करतात.

हे दोन गट ओळखणे फारसे अवघड नाही. हाताशी एक साधे भिंग हवे. छापखान्यातल्या ओव्हरप्रिंटची अक्षरे सारखी आणि रेखीव असतात. खिळ्यांनी छापलेले असेल तर तिकीट उलटे करून तिरप्या उजेडात धरा. अक्षरांचा दाब मागे हलकासा उठलेला दिसतो. रबरी शिक्क्याचे तसे नाही. तो कधी तिरका पडतो, कधी उलटा, कधी दोनदा. शाई अक्षरांच्या कडेला साचते आणि मधे फिकी राहते. मागे दाब उठत नाही. फार तर शाई पाझरलेली दिसते.

पण खरी अडचण पुढेच आहे. रबरी शिक्का कोणीही करून घेऊ शकतो. पाच पैशांचे साधे तिकीट जुन्या संग्रहातून मिळवायचे, घरी बसून शिक्का मारायचा आणि ‘दुर्मीळ’ म्हणून विकायचे, यात अवघड ते काय? म्हणून सुट्या, कोऱ्या तिकिटावरचा असा ठसा खरा की खोटा, हे नुसत्या तिकिटावरून सांगणे जवळजवळ अशक्य असते.

ते सांगते पाकीट. तिकिटावरचा डाकेचा शिक्का पाकिटाच्या कागदावरही उतरलेला असतो. त्यात गाव असते, तारीख असते. तारीख १५ नोव्हेंबर १९७१ च्या आधीची असेल तर गडबड आहे. पत्त्यात पिनकोड असेल तर तारीख नीट पाहा, कारण पिनकोड आला तो १५ ऑगस्ट १९७२ ला. नोव्हेंबर १९७१ च्या पाकिटावर तो असायचे कारण नाही. शिवाय आधी ओव्हरप्रिंट आणि मग डाकेचा शिक्का, असाच क्रम असायला हवा. भिंगातून जर ओव्हरप्रिंटची शाई डाकेच्या शिक्क्यावर चढलेली दिसली, तर ती मागाहून मारलेली समजावी. आणि एकाच पोस्टातून, त्याच आठवड्यात गेलेली चार पाकिटे चार वेगवेगळ्या घरांतून मिळाली आणि चारही पाकिटांवर तोच शिक्का निघाला, तर त्या गावाचा शिक्का पक्का झाला. एकट्याच्या संग्रहातून हे होत नाही. त्याला घरोघरच्या ट्रंका उघडाव्या लागतात.

अशी वेळ आपल्याकडे पहिल्यांदाच आली होती असे नाही. १९४७ साली नव्या पाकिस्तानकडे स्वतःची तिकिटे नव्हती. तेव्हा आपल्या नाशिकच्या सरकारी छापखान्यातच सहाव्या जॉर्जच्या तिकिटांवर ‘पाकिस्तान’ ही अक्षरे छापली गेली. ती १ ऑक्टोबर १९४७ ला निघाली. ती पुरली नाहीत तेव्हा तिकडच्या पोस्टांनीही हाताने शिक्के मारले. पुढे बांगलादेश झाल्यावर तिथल्या पोस्टांत उरलेल्या पाकिस्तानी तिकिटांवर ‘बांगलादेश’ हा शिक्का बसला. राज्य बदलते, माणसे घरेदारे सोडतात, पण पत्रे थांबत नाहीत. त्या घाईची खूण म्हणजे हे ठसे.

निर्वासितांसाठीचा तो जादा आकार ३१ मार्च १९७३ ला बंद झाला. तोवर देशभरच्या लोकांनी पाकिटापाकिटामागे दिलेल्या पाच-पाच पैशांची ही तिकिटे म्हणजे पावतीच.

म्हणून दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली आली, तर एवढे करा. १९७१-७२ ची पाकिटे वेगळी काढा. तिकीट कापू नका, सोलू नका, पाण्याला तर लावूच नका. पाकीट आहे तसे कोरड्या जागी सपाट ठेवा. त्याची किंमत किती येईल हे विचारू नका. पुष्कळदा फारशी येतही नाही. पण आमच्या वडिलांना त्या नोव्हेंबरात कोणत्या गावाहून कोणी पत्रे पाठवली होती, आणि तिथल्या पोस्टमास्तरांनी कसला शिक्का करून घेतला होता, हे मला आता कोणीही सांगू शकत नाही. ते परातीतल्या पाण्याबरोबर मोरीत गेले.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)